कालिंदी मॅडमची धडधड

पुंडलिकनगरात कालिंदी पाटोदेकर म्हणून विचारलंत तर दोन-चार घरं सोडून कुणाला पत्ता सांगता येणार नाही. पण 'स्कूटीवाल्या मॅडम' म्हणा, कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा कात लागलेलं बोट वर करून घर दाखवील. गेली कित्येक वर्षं कालिंदी बायकांना गाडी शिकवते. घरामागं एक मोकळं मैदान आहे, कडेला बाभळी, एका बाजूला कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं बांधकाम. सकाळी उजाडलं की तिथं तिची शाळा भरते.

शिकवायची तिची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू द्यायची नाही, नुसती ढकलायला लावायची. "आधी तिचं वजन अंगात भिनू द्या, मग रेसला हात लावा," असं ती म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून स्वतः मागं बसायची आणि शिकणारीच्या कानाशी ओरडायची, "नजर वर! चाक पळून जात नाही, रस्त्याकडं बघा!" तो आवाज तीन गल्ल्या पलीकडं जायचा. ज्या बायकांना घरात नवऱ्यानं, पोरांनी 'तुझ्याच्यानं नाही होणार' म्हणून गप्प बसवलं होतं, त्या कालिंदीच्या आवाजाच्या धाकानं गाडी चालवायला लागायच्या. तिचा नवरा शंतनू एका कॉलेजच्या ऑफिसात होता. माणूस स्वभावानं शांत. घरात एवढा मोठा आवाज एकच पुरेसा आहे, असं त्यानं लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं.

धडधड पहिल्यांदा सुरू झाली ती नळाला पाणी आलं त्या दिवशी. इतक्या दिवसांनी पाणी आलेलं, त्यामुळं घरात लगीनघाई. टाकी भरली, पिंप भरलं, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून झाला. कालिंदी पाइप गुंडाळायला वाकली आणि छातीत काहीतरी सुटलं. हळूहळू वाढलं वगैरे नाही. बटण दाबावं आणि मिक्सर सुरू व्हावा, तसं. गळ्याची शीर उडायला लागली, ब्लाउजची कड थडथडायला लागली. ती पायरीवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा बटण दाबल्यासारखं सगळं बंद. छाती शांत, जणू काही घडलंच नाही.

"दमलीस," शंतनू म्हणाला.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण महिन्या-दोन महिन्यांनी ते पुन्हा आलं. मग भाजी निवडताना, मग केस धुताना, मग एकदा काहीच करत नसताना. आता प्रत्येकाकडं यावर काही ना काही औषध होतं. जाऊ म्हणाली गॅस आहे, जिरं-ओवा खा. शेजारीण म्हणाली नजर लागली, एवढ्या बायकांत वावरता. नणंदेनं तर फोनवरच निकाल देऊन टाकला, "वहिनी, पाळी जायचं वय झालं, चालायचंच." घरच्या डॉक्टरांनी मात्र व्यवस्थित तपासलं, ईसीजी काढला. तो इतका सरळ आणि सुंदर आला की पाटीवर गिरवून घ्यावा. दुसऱ्या वेळीही तसाच. शाळेत साहेब तपासणीला आले की वर्गातलं सगळ्यात वांड पोरगं हाताची घडी घालून बसतं ना, तिचं काळीज अगदी तसं वागत होतं. दवाखान्याची पायरी दिसली की सभ्य.

"टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले आणि झोपेची हलकी गोळी दिली.

"मी टेन्शन देते, घेत नाही," कालिंदी म्हणाली. डॉक्टर हसले, शंतनूही हसला. ती हसली नाही.

कारण आता तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. कागद सांगतो काही नाही, डॉक्टर सांगतात काही नाही, मग हे आपणच मनानं उभं करतोय की काय? छातीतल्या धडधडीपेक्षा ही शंका जास्त छळायची. एकदा शंतनू सहज म्हणून गेला, "तू फार मनाला लावून घेतेस." त्या दिवसानंतर तिनं सांगणंच सोडलं. धडधड आली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा, थांबली की बाहेर यायचं. मैदानावर तिनं शिकणाऱ्यांच्या मागं बसणंही बंद केलं. मधेच आलं आणि आपण गाडीवरून घसरलो तर ती बाईही घाबरून पडायची. "आता तुमच्या तुम्ही चालवा, मी कडेनं बघते," असं सांगून ती बांधकामाच्या विटांवर बसायला लागली. बायकांना वाटलं, मॅडमची ही नवी पद्धत आहे.

त्याच सुमारास वच्छलाबाई शिकायला आल्या.

वच्छलाबाई मुकुंदवाडीच्या, रेल्वे स्टेशनच्या अलीकडं घर. करमाडच्या अंगाला थोडं शेत. नवरा बद्रीनाथ कंपनीतून रिटायर झालेला, त्याचे गुडघे गेलेले, त्यामुळं शेतावर जायचं म्हटलं की मुलाची, माऊलीची, विनवणी करावी लागायची. माऊलीला कधीच वेळ नसायचा. "त्याच्या पाया पडण्यापरीस गाडीच्या पाया पडते," म्हणून बाईंनी साठी गाठता गाठता स्कूटी शिकायचं ठरवलं. जन्मभर नववारी नेसलेल्या. गाडीसाठी म्हणून खास पाचवारी घेतली.

हिंमत होती, पण एक गोम होती. त्या डावीकडंच वळायच्या. मैदानात डावीकडून गोल, पुन्हा डावीकडून गोल. उजवीकडं म्हटलं की ब्रेक.

"वच्छलाबाई, करमाडला जायला उजवीकडं वळावं लागेल की नाही?"

"व्हय. पर मी डाव्या अंगानं फिरून फिरून जाईन. मला काय घाई हाय?"

त्यांच्याबरोबर लर्निंग लायसन काढलेल्या सगळ्या बायका केव्हाच रस्त्यावर गेल्या. वच्छलाबाई आपल्या मैदानात गरगरत राहिल्या.

एका सकाळी बाकीच्या घरी गेल्या होत्या, वच्छलाबाई शेवटचा फेरा मारत होत्या. कालिंदी खुणेच्या विटा उचलायला वाकली आणि बटण दाबलं गेलं. ती जिथं होती तिथंच बसली. थांबेल, नेहमीसारखं थांबेल. पण थांबेना. कपाळाला घाम फुटला, हात गार पडले, समोरच्या बाभळी पाण्यात बघितल्यासारख्या हलायला लागल्या. वच्छलाबाईंनी गाडी तिच्याजवळ आणून उभी केली.

"मॅडम, तोंड पांढरंफटक पडलंय तुमचं. काय व्हतंय?"

"काही नाही. होतं असं. थांबेल."

वच्छलाबाईंनी पुढं काही न विचारता तिच्या गळ्याला बोटं लावली. आयुष्यभर गुरांची अंगं चाचपलेला तो हात होता. "थांबंल? हे तर डिझेल इंजिनावाणी चाललंय. उठा. दवाखाना."

कालिंदीनं शंतनूला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. आजूबाजूला रिक्षाचं नाव नाही. वच्छलाबाईंनी पदर खोचला.

"बसा मागं."

"तुम्ही? रस्त्यावर? अहो, मंदिराचा चौक आहे मधे!"

"मंग? हितंच बसून राम म्हणायचं का? बसा म्हणते ना!"

कालिंदीनं आजवर शेकडो बायकांना त्या मैदानाबाहेर काढलं होतं. पण डोळे मिटून, दुसरीच्या पाठीवर डोकं टेकून ती पहिल्यांदाच बाहेर पडली. गल्ली संपली, मोठा रस्ता आला. डाव्या बाजूनं टेम्पो गेला, उजव्या बाजूनं बस. गजानन महाराज मंदिराच्या चौकात नेहमीसारखी जत्रा, आणि दवाखाना होता उजवीकडं.

"इंडिकेटर…" कालिंदी पुटपुटली.

"इंडिकेटर मरू द्या, मॅडम!" असं म्हणून वच्छलाबाईंनी उजवा हात सगळाच्या सगळा बाहेर काढला आणि गाडी घातली. एक रिक्षावाला करकचून थांबला आणि ओरडला, "अम्मा, किधर कू घुस रै?"

"दवाखान्यात चालले! तू बी येतो का?"

रिक्षावाल्यानं मागं बसलेल्या कालिंदीचा चेहरा बघितला. मग त्यानंच रिक्षा आडवी लावून मागची गर्दी थोपवली आणि हात केला. वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडं वळल्या.

दवाखान्यात कालिंदीला खाटेवर निजवलं, छातीला वायरी लावल्या, आणि अजून धडधड चालूच होती. मशीनमधून कागद बाहेर यायला लागला. उभ्या रेघा एकीला एक चिकटून, कंगव्याच्या दातांसारख्या. सिस्टरनं तो बघितला आणि जवळजवळ पळतच गेली. हृदयाच्या डॉक्टर मोनिका सपकाळ नेमक्या त्या वेळी पेशंट बघायला आल्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेले, पायात साध्या चपला. त्यांनी कागद हातात धरला, ब्लडप्रेशर विचारलं, ते ठीक होतं. मग म्हणाल्या, "दोनशेच्या घरात पळतंय. ताई, घाबरू नका. आधी एक साधी गोष्ट करून बघू."

त्यांनी एक रिकामी सिरिंज आणायला सांगितली. "हिच्या तोंडात फुंका. आतला दट्ट्या हलेल एवढा जोर लावून फुंकायचं, मी थांबा म्हणेपर्यंत. मग आम्ही तुम्हाला झटकन आडवं करून पाय वर उचलणार."

पहिल्या वेळी काही झालं नाही. कालिंदीचा श्वासच अर्ध्यात सुटला. दुसऱ्या वेळी पाय धरायला माणूस कमी पडलं. डॉक्टरांनी मागं उभ्या वच्छलाबाईंकडं बघितलं, "मावशी, तुम्ही तो पाय धरा."

कालिंदीनं गाल लाल होईपर्यंत फुंकलं. "सोडा!" डॉक्टर म्हणाल्या. पाठ खाली आली, दोन्ही पाय वर गेले, आणि छातीत एक मोठा ठोका पडला, मग क्षणभर काहीच नाही, मग एक ठोका. मग दुसरा. सावकाश, रांगेत.

"थांबलं," कालिंदी म्हणाली.

"आँ? बिनाइंजेक्शनचं?" वच्छलाबाई पाय तसाच वर धरून उभ्या होत्या.

"कधीकधी थांबतं," डॉक्टर म्हणाल्या. "जोर लावला की एक नस दाबली जाते, ती हृदयाला ब्रेक लावते. नसतं थांबलं तर इंजेक्शन होतंच. आता पाय खाली ठेवा, मावशी."

कालिंदीनं डोळे उघडले. तिला विचारायचं होतं एकच. "म्हणजे डॉक्टर… खरंच होतं ना? माझ्या मनाचं नव्हतं?"

डॉक्टरांनी तो लांब कागद तिच्यासमोर धरला. "हे मनानं काढता येत नाही, ताई. खरंच होतं. आजपर्यंत सापडत नव्हतं, एवढंच."

तीन गल्ल्या ऐकू जाणाऱ्या आवाजाची ती बाई तेव्हा हुंदकेसुद्धा आवाज न करता देत होती. वच्छलाबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. निरोप मिळून शंतनू धावत पोचला तेव्हा त्याला वाटलं, सगळं संपलं. त्याला खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. हृदयाला स्वतःची वीज असते. वरच्या कप्प्यात ती उगम पावते, मधल्या एका ठिकाणावरून खाली जाते, आणि त्या हुकमानं हृदय ठोका टाकतं. कालिंदीला त्या मधल्या ठिकाणी जन्मापासूनच एक जादा वाट होती. एखादा ठोका चुकीच्या वेळी आला की वीज एका वाटेनं खाली, दुसरीनं वर, अशी गोल फिरत बसायची.

"म्हणजे गाडीनं चौकातून बाहेरच पडायचं नाही," कालिंदी म्हणाली. "गोल, गोल, गोल."

"वच्छलाबाईंसारखं," शंतनू म्हणाला. मग आपण विनोद केला याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

"पण हार्ट अटॅक तर नाही ना येणार?" त्यानं विचारलं.

"तो वेगळा. तो रक्ताच्या नळ्यांचा आजार, हा वायरिंगचा." डॉक्टर म्हणाल्या. "आणि वायरिंगचे आजारही सगळे सारखे नाहीत. उतारवयात कुणाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोके वेडेवाकडे पडतात, त्यात रक्ताची गाठ होऊन लकवा मारू शकतो. त्यांना रक्त पातळ करायची गोळी लागते. कुणाचं हृदय फार सावकाश चालतं, त्यांना पेसमेकर. काही धडधडी खालच्या कप्प्यातून येतात, त्या जिवावर बेततात. ताईंची बहुधा जिवावर बेतणारी नाही. पण जगू नीट देत नाही."

उपाय तीन होते. धडधड आली की तो फुंकायचा प्रकार. रोजची गोळी. किंवा मांडीच्या शिरेतून बारीक तारा आत घालून ती जादा वाट शोधायची आणि उष्णतेनं बंद करून टाकायची. तोपर्यंत गाडीवर असताना धडधड सुरू झाली तर गाडी तिथंच बाजूला घ्यायची. चक्कर आली, छातीत दुखलं तर घरी फुंकत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

कालिंदीनं आधी गोळी घेऊन बघितली. धडधड कमी झाली, थांबली नाही. पण अंग जड झालं, पायात ओली पोती बांधल्यासारखं. मैदानावर तिचा आवाज निघेना. एका बाईनं काळजीनं विचारलं, "मॅडम, रागावलात का? आज ओरडला नाहीत."

घरी येऊन ती म्हणाली, "मी ते तारेचं करून घेते."

शंतनूनं हातातला पेपर टीपॉयवर ठेवला. मग म्हणाला, "गोळीवर भागत असेल तर हृदयात हात कशाला घालायचा? डॉक्टर म्हणाल्याच ना, क्वचित शेजारची चांगली वाट दुखावते, मग पेसमेकर बसवावा लागतो."

"म्हणाल्या. लपवलं नाही त्यांनी, म्हणून तर विश्वास बसला. अहो, मी मागं बसणं का सोडलं ठाऊक आहे तुम्हाला? बाथरूममध्ये नळ सोडून का बसायची, ते ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं. शंतनू बराच वेळ टीपॉयवरच्या पेपरची घडी घालत, मोडत राहिला.

"मी तसं म्हणायला नको होतं," शेवटी तो म्हणाला. "मनाला लावून घेतेस म्हणून."

"नको होतं."

"कधी जायचं डॉक्टरांकडं?"

तारेच्या उपचाराची तारीख ठरली, तेव्हा पुण्याला शिकणारी मुलगी स्वराली दोन दिवसांची सुट्टी घेऊन आली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर साहेबराव म्हणून गंगापूरकडचे एक म्हातारे होते, एके काळचे पैलवान. त्यांचं हृदय उलट इतकं हळू चालायचं की चालता चालता भोवळ येऊन पडायचे. त्यांना पेसमेकर बसणार होता.

"तुमचं लई पळतं म्हणं, ताई?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि तुमचं?"

"माझं बसकण मारतंय. आधी वाटलं म्हातारपण. सून म्हणली, मामंजी नाटकं करत्यात." ते मिशीत हसले. "आता मशीन बसवणार म्हणं, छातीच्या कातडीखाली, काडेपेटीएवढं. ठोका चुकला का ते ढुशी देणार."

"तुम्हालाही नाटकं म्हणाले?" कालिंदीनं विचारलं आणि कूस वळवून त्यांच्याशी नीट गप्पाच मारायला लागली. जेवणाची वेळ होईपर्यंत दोघांनी आपापल्या घरच्यांची यथेच्छ उणीदुणी काढली. घरचे समोरच बसले होते.

तारा घालायची खोली गार होती आणि भिंतीवर मोठमोठे पडदे. मांडीत सुई टोचून तेवढा भाग बधिर केला. बाकी कालिंदी जागीच. तारा आत जाताना दुखलं नाही, नुसतं कुणीतरी आत वावरतंय असं वाटलं.

"ताई, आता मी मुद्दाम ती धडधड सुरू करणार आहे," डॉक्टर मोनिका म्हणाल्या. "ती दिसल्याशिवाय वाट पक्की करता येत नाही."

कालिंदीनं टेबलाची कड घट्ट धरली. इतके दिवस जिच्यापासून पळाली, तिला बोलावणं धाडायचं. छातीत दोन-चार टिचक्या बसल्या आणि…

"तीच! डॉक्टर, हीच ती!"

"हीच ना? बघा, कशी वळखली!" घाईत डॉक्टरांच्या तोंडून माहेरची बोली निसटली. त्यांनी ती धडधड थांबवली. "आता थोडं गरम वाटेल. हलायचं नाही."

छातीत ऊब आल्यासारखं झालं, गिळलेला चहा जरा जास्तच कढत असावा तसं. मग बराच वेळ टिचक्या मारून मारून डॉक्टर ती धडधड पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करत राहिल्या. झाली नाही.

"अजून एकदा बघा," कालिंदी म्हणाली. "मी पण माझ्या बायकांना एकदा जमलं म्हणून सोडत नाही."

"थोडं थांबून बघणारच आहे," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा बघितलं. नाही झाली.

पाय सरळ ठेवून पडून राहायची सक्ती होती, तीच सगळ्यात मोठी शिक्षा. दुपारी वच्छलाबाई डबा घेऊन आल्या, बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी. मुकुंदवाडीहून एकट्या, गाडीवर. माऊलीनं चावी लपवली होती, ती त्यांनी शोधून काढली होती. साहेबरावांनाही त्यांनी अर्धी भाकरी दिली.

पुढं काही महिने कालिंदीचा एक कान छातीकडंच असायचा. जरा जिना चढला, जरा ठोका जोरात पडला की हात गळ्याकडं. तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, एखादा ठोका इकडचा तिकडं सगळ्यांचाच होतो, ताई, तुम्ही आता फार ऐकायला शिकला आहात, थोडं विसरा. विसरणं गोळीसारखं घेता येत नाही. पण मैदानावर ती पुन्हा शिकणारीच्या मागं बसायला लागली, आणि एका सकाळी घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, आज आपण गळ्याला एकदाही हात लावला नाही.

थंडीत एका रविवारी ती शंतनूला घेऊन दौलताबादला गेली. किल्ला अगदी वरपर्यंत चढायचा, असं तिनंच ठरवलं होतं. अंधाऱ्या वाटेतून बाहेर पडून पुढच्या पायऱ्या लागल्या तेव्हा शंतनूनं कठड्याला टेकून हात वर केला. "थांब जरा. माझा जीव वर आला."

कालिंदी चार पायऱ्या खाली उतरून त्याच्याजवळ आली, त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे बारीक करून लक्ष दिलं.

"वायरिंग ठीक आहे," ती म्हणाली. "पोट कमी करा."

मग खालून आणलेला पेरू तिनं गुडघ्यावर दाबून फोडला, मोठी फोड त्याला दिली, आणि दोघं तिथंच उन्हात बसून खात राहिले. वर जायला अख्खी सकाळ पडली होती.